अध्ययन अनुभवाचा रकाना

शिक्षणक्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळल्यात तर हल्ली एक पद वारंवार दिसेल. लर्निंग एक्सपीरियन्स डिझायनर. ॲप बनवणाऱ्या कंपन्या, ऑनलाइन कोर्स विकणारे, मोठ्या उद्योगांचे प्रशिक्षण विभाग, सगळ्यांना हा माणूस हवा असतो. त्याचं काम काय? शिकणाऱ्याने काय करत करत शिकायचं हे आधी ठरवायचं, त्यासाठी साहित्य तयार करायचं, ते थोड्या जणांना देऊन बघायचं आणि जिथे अडलं तिथे बदलायचं.

डी.एड. केलेल्या कुणालाही हे वाचून जरा हसू येईल. आपल्या पाठ टाचणाच्या वहीत "अध्ययन अनुभव" असा एक रकानाच असायचा. एकीकडे उद्दिष्ट, एकीकडे मूल्यमापन आणि मधे हा. आणि त्यात आपण बहुतेक जण काय लिहायचो, आठवतंय ना? शिक्षक चित्र दाखवतील, विद्यार्थी निरीक्षण करतील. शिक्षक प्रश्न विचारतील, विद्यार्थी उत्तरे देतील. विषय कुठलाही असो, मजकूर तोच. बेरीज असो की बेडूक.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या रकान्यात जे लिहायचं असतं तेच आपलं मुख्य काम आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. आणि ते काम वर्गाबाहेर बसून पूर्ण करता येत नाही, कितीही चांगलं सॉफ्टवेअर असलं तरी.

"अध्ययन अनुभव" हा शब्द काही कंपन्यांनी काढलेला नाही. राल्फ टायलर नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1949 साली अभ्यासक्रम कसा रचावा यावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. उद्दिष्ट, अध्ययन अनुभव, त्यांची मांडणी, मूल्यमापन हा जो क्रम आपण डी.एड.ला पाठ केला, तो मुळात तिथला. त्यातला एक मुद्दा मात्र पाठ करताना गळून गेला. टायलर म्हणतो की मूल शिकतं ते त्याने स्वतः केलेल्या गोष्टीतून. शिक्षकाने काय केलं, हा अध्ययन अनुभवच नव्हे. म्हणजे "शिक्षक चित्र दाखवतील" हे वाक्य त्या रकान्यात बसतच नाही. ते दुसऱ्या रकान्यातलं आहे.

आपल्याकडे हे काम टायलरची वाट न बघता सुरू झालं होतं. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरात. मॉन्टेसरीची साधनं महाग, शहरी, विकत आणायची. खेड्यातल्या बालवाडीला ती कुठून परवडणार? म्हणून आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं घडवली गेली. हे बऱ्याच जणांना माहीत आहे, आणि टाकाऊतून टिकाऊ म्हणून आपण त्याची नक्कलही पुष्कळ करतो. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट. मुलं शाळेत येत नाहीत, तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, म्हणून अंगणवाडी. मोठी मुलं गुरं घेऊन कुरणात जातात, तर शाळा कुरणात नेऊ, म्हणून कुरणशाळा. इथे साधन बदललेलं नाही, जागा आणि वेळ बदलली आहे. मूल दिवसभर काय करतं ते आधी बघितलं आणि शिकणं त्यात बसवलं. अंगणवाडी हा शब्द 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला. कुरणशाळा मात्र पुस्तकात राहिली.

आता आपल्या किनाऱ्यावर या.

चौथी-पाचवीला अपूर्णांक येतात. तीन चतुर्थांश म्हणजे भाकरीचे चार भाग, त्यातले तीन रंगवा. मुलं छान रंगवतात. रंगवून झाल्यावर विचारा, पाच तासांचे तीन चतुर्थांश किती? शांतता. आता हेच मालवणच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारा, पण अपूर्णांकाच्या भाषेत नको. विचारा, "आज पंचमी, भरती किती वाजता?" तो बोटं न मोजता सांगेल, पावणेचार. तिथीची पाऊणपट करायची, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. तिथीचा आकडा घ्या, तीनने गुणा, चाराने भागा, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, मग पुन्हा भरती.

बघा, या एका रितीत काय काय आहे. गुणाकार आहे, भागाकार आहे, पाव-अर्धा-पाऊण आहे, घड्याळ आहे, चंद्र आहे. आणि सव्वा, साडे, पावणे हे आपले मराठी शब्द आहेत, जे मुलांना आता "थ्री फॉर्टी फाइव्ह"मुळे अवघड वाटायला लागलेत. एवढं तयार ताट समोर असताना आपण ते कसं वाढतो, हा डिझाइनचा प्रश्न.

सोपा मार्ग म्हणजे फळ्यावर सूत्र लिहायचं: भरतीची वेळ = तिथी × 3/4. खाली पाच उदाहरणं. वीस मिनिटांत पाठ संपतो, वहीत लिहून होतं, पालकही खूश. आणि ताट वाया जातं.

दुसरा मार्ग लांबचा आहे, पण मी तोच घेते. सूत्र सांगायचंच नाही. गावात मचव्यांचा धक्का असेल, त्याला पायऱ्या असतात. पंधरा दिवस मुलांनी येता-जाता, मोठ्या माणसासोबत, एवढंच बघायचं की पाण्यावर किती पायऱ्या दिसतात आणि तेव्हा किती वाजले होते. (मोठ्या माणसासोबत हे मी दरवेळी तीनदा सांगते. शेवाळलेली पायरी कुणाची मावशी नव्हे.) वर्गात एक मोठा कागद लावलेला. पहिलीतलं मूल येऊन सांगतं, "बाई, सात पायऱ्यो दिसतत." त्याने सात टिंबं काढायची. तिसरीतल्या मुलाने घड्याळातली वेळ लिहायची. पाचवीतल्याने शेजारी तिथी लिहायची, ती भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये सापडते. कालनिर्णयचे जयंतराव साळगावकर मालवणचेच, हेही जाता जाता सांगून होतं.

बहुवर्ग अध्यापन म्हणून आपण ज्याला कंटाळतो ते इथे आपोआप होतं. एकाच खोलीत पहिली ते पाचवी, एकच अनुभव, आणि प्रत्येकाचं काम त्याच्या उंचीचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. आपल्या जिल्ह्यातल्या वाडीवस्तीच्या शाळांत पट त्याच्या कितीतरी खाली आहे. म्हणजे ही दोनशिक्षकी खोली काही तात्पुरती अडचण नाही, हीच आपली परिस्थिती आहे. तिच्यासाठी पाठ कुठल्याही कंपनीचा डिझायनर लिहिणार नाही. त्याच्या डोक्यात एक मूल, एक इयत्ता, एक स्क्रीन असं चित्र असतं.

आठवड्याभरात कागदावर रिकाम्या जागा राहतात. काही जण विसरतात, काही जण अंदाजे ठोकतात. ठोकलेला आकडा शेजारच्या आकड्यांत विसंगत दिसतो आणि दुसरं मूलच तो पकडतं. इथे शिक्षकाने गप्प बसायचं असतं. हे गप्प बसणंसुद्धा आधी ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर आपल्या तोंडून उत्तर निघून जातंच. मग कुणीतरी म्हणतं की पाणी रोज उशिरा चढतं. किती उशिरा? कुणी अर्धा तास म्हणतं, कुणी तास. मग म्हणायचं, घरी आजोबांना विचारून या. दुसऱ्या दिवशी पाऊणपट वर्गात येते ती घरातून. फळ्यावरून येत नाही. मच्छीमाराचं जे मूल एरवी गणितात मागच्या बाकावर असतं, ते त्या दिवशी बाकीच्यांना शिकवतं. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचा अर्धा मोबदला तिथेच मिळतो.

आता पुढची गंमत. मुलांना दोन्ही पक्षांच्या सगळ्या तिथ्यांचा तक्ता करायला सांगा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तास पुढे सरकणारी भरती एका दिवसात एकदम दीड तास कशी सरकली? पाचवीचं चांगलं मूल इथे अडतं, आणि अडायलाच हवं. कारण खरा हिशेब असा की एका पौर्णिमेपासून पुढच्या अमावास्येपर्यंत पंधरा तिथ्यांत भरती बारा तास सरकते. बारा तास म्हणजे 720 मिनिटं, भागिले 15, म्हणजे तिथीला 48 मिनिटं. तोंडी हिशेबाला 48 कोण घेणार? म्हणून जुन्या माणसांनी 45 घेतली, पाऊण तास. रोजची तीन मिनिटं सुटतात, ती पंधरवड्याअखेर एकदम 45 होऊन समोर येतात. रीत चुकीची नाही, सोयीची आहे. समुद्रावर जाणाऱ्याला तेवढा अंदाज पुरतो. सूत्र अंदाजाचं असू शकतं, ते तपासता येतं आणि का चुकतं तेही शोधता येतं, हे दहा वर्षांच्या मुलाला कळणं ही लहान गोष्ट नव्हे. यापुढे जाऊन प्रत्यक्ष धक्क्यावरची वेळ ताडून पाहिली तर तीही मिनिटाला मिळत नाही. प्रत्येक बंदराची, खाडीची वेळ थोडी वेगळी असते. ते सहावीला ठेवा.

एवढं लांब सांगितलं कारण "अनुभवातून शिक्षण" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सहल येते. मुलांना रापण बघायला नेलं, फोटो काढले, व्हॉट्सॲपवर टाकले. दृश्य सुंदरच असतं, दोन्ही दोरांवर सगळा वाडा ओढत असतो. पण मुलांनी तिथे काय केलं? बघितलं. कोळंबीला हात लावला, एकाला जेलीफिशने भाजलं. ती गंमत झाली, अध्ययन अनुभव झाला नाही. तो व्हायला जाण्याआधी मुलांच्या हातात एक प्रश्न द्यावा लागतो. मासळीची वाटणी कशी होते? जाळ्याचा वाटा किती, ओढणाऱ्या माणसाचा किती? मग तेच मूल दोर सोडून वाटे लावणाऱ्याच्या मागे फिरतं. बाकी सगळं तेच, समुद्र तोच, मासे तेच. फरक एका प्रश्नाचा.

व्हिडिओचंही तसंच. वर्गात मोठा टीव्ही आला, चांगलं झालं, मी त्याच्या विरोधात नाही. भरती-ओहोटी चंद्रामुळे कशी होते, ते ॲनिमेशनमध्ये जितकं छान दिसतं तितकं मला फळ्यावर काढून दाखवता येत नाही. प्रश्न तो कधी दाखवायचा हा आहे. पहिल्या दिवशी दाखवला तर मुलं पायऱ्या मोजायलाच जात नाहीत, उत्तर मिळालेलं असतं. पंधराव्या दिवशी दाखवला तर तीच मुलं मधेच थांबवायला सांगतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यांनी बक्षिसातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचं नाव घराघरांत गेलं. आपण त्यातून काय घेतलं? चौकोन घेतला. वर्गाच्या दारावर क्यूआर, झाडावर क्यूआर, तक्त्यावर क्यूआर. पण तो चौकोन म्हणजे दार आहे. दारापलीकडे मुलासाठी काय ठेवायचं ते त्या शाळेतली मुलं ओळखणाऱ्या माणसानेच ठरवायला हवं, आणि तेवढाच भाग कुठल्याही प्रिंटरमधून निघत नाही.

आता कंपन्यांच्या डिझायनरकडून एक गोष्ट मात्र आपण शिकायला हवी. ते लोक आपलं काम पहिल्याच फटक्यात बरोबर आहे असं मानत नाहीत. थोड्या जणांवर करून बघतात, कुठे माणूस कंटाळून सोडून देतो ते नोंदवतात, तो तुकडा फेकून दुसरा लिहितात. आपल्याकडे पाठ टाचण असं बदलतं का? बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीची वही या वर्षीच्या वहीत उतरते, तारीख तेवढी बदलते. शेरा मारणाराही पान उलटून सही करतो. पाठ कुठे पडला, हे लिहायला त्या वहीत जागाच नाही. मी तर म्हणेन, एक रकाना कमी करा आणि तिथे "मुलं कुठे अडली" असा रकाना घाला. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पीपीटी दाखवण्याऐवजी प्रत्येकाने एक पडलेला पाठ घेऊन यावा आणि बाकीच्यांनी तो दुरुस्त करावा. चहा तोच राहू दे.

यावर तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? खरं आहे, आणि हे गाऱ्हाणं नुसतं आळसाचं नाही. कायद्याचा हिशेब बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्याच अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत, आणि तिथे स्पष्ट लिहिलं आहे की हे तयारीच्या तासांसह. सहा दिवसांचा आठवडा धरला तर 24 तास शिकवणं आणि 21 तास उरतात. तयारीला वेळ लागतो हे कायद्यालाही मान्य आहे. मग हे 21 तास जातात कुठे, ते तुम्हाला सांगायला नको. माहिती भरा, फोटो जोडा, लिंक उघडा, आजच पाठवा, पोषण आहाराचा तांदूळ मोजा. कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं मोकळी ठेवली आहेत. पण माहिती भरणं हे "शैक्षणिक"च समजलं जातं, त्यामुळे त्याला कलम लागत नाही. शिक्षकाने वेळ मागायचा तर "कामं कमी करा" असं म्हणून फारसं कुणी ऐकत नाही. "कायद्यात धरलेले तयारीचे तास वेळापत्रकात दाखवा" असं म्हणून बघूया. आठवड्यातला एक तास जरी कागदावर आला तरी त्याचं रक्षण करता येईल.

पालकांना वेगळं सांगायचं आहे. संध्याकाळी मूल घरी आलं की तुम्ही दप्तर उघडता आणि वही बघता. पान भरलेलं असेल तर शाळा चांगली. पंधरा दिवस मूल धक्क्यावर पायऱ्या मोजतंय आणि वही कोरी, म्हणजे बाई काही शिकवत नाहीत. मग पुढच्या जूनमध्ये पिवळी व्हॅन दारात येते. तुमची काळजी मला कळते. मुंबईला जाऊन उभं राहायचं तर इंग्रजी हवं, ते मीही नाकारत नाही. पण शाळा निवडताना भिंतीवरचा टीव्ही आणि भरलेली वही यांपलीकडे एक गोष्ट तपासा. मुलाला "आज काय शिकवलं?" असं विचारू नका, त्याला उत्तर "कायनाय" हेच येतं. विचारा, "आज काय केलंस?" आणि मग, "ते कसं केलंस, माका दाखय." शाळा कुठल्याही माध्यमाची असो, आठवडाभर रोज "लिवलंय" एवढंच उत्तर आलं, तर त्या शाळेत जाऊन बाईंना किंवा सरांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आमच्या शाळेतही.

आणि तुम्ही नुसते विचारणारे नाही आहात. जाळं विणणारे, होडी दुरुस्त करणारे, काजू भाजणारे, पर्यटकांना स्कूबाला नेणारे, घरी खानावळ चालवणाऱ्या ताई, तुमच्या प्रत्येकाच्या कामात माप आहे, हिशेब आहे, अंदाज आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत छपराच्या गळतीबरोबर पाच मिनिटं याचीही चर्चा करा: या महिन्यात मुलांनी कुणाकडे जाऊन काय मोजायचं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा जाळी घरी असतात आणि ती दुरुस्त करणारी माणसंही. जूनमध्ये शाळा नुकतीच उघडलेली असते. जाळ्याच्या आसाचं माप मोठं-लहान का ठेवतात, त्यातून कुठला मासा सुटतो आणि कुठला अडकतो, हा पाठ त्याच दिवसांत करता येतो.

देवगड, वेंगुर्ला, आचरा, देवबाग, जिथे जिथे धक्का किंवा पायऱ्यांचा घाट असेल तिथल्या शिक्षकांना एक विनंती. येत्या द्वादशीला मुलांकडून सकाळी नऊची भरती ताडून घ्या. सुट्टी आली तर चतुर्थीला, दुपारी तीनला. पाऊणपटीची वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत किती मिनिटांचा फरक आला, तो गावाच्या नावासह मला कळवा. आमच्या पाचवीला इतर बंदरांचे आकडे हवे आहेत. त्यांच्या मते कार्लीच्या खाडीत पाणी उशिरा चढतं, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही.